आधी घराचा पंचनामा, मग डिपॉझिटची कपात

प्रति,
रत्नागिरी शहर आणि आसपास घरं, फ्लॅट, खोल्या भाड्याने देणारे मालक आणि त्यांचे एजंट

विषय : घर सोडताना सरसकट एक महिन्याचं भाडं कापून घेण्याचा निर्णय

सप्रेम नमस्कार.

मे महिन्याच्या शेवटी आपल्यापैकी काही मंडळींचा एक निरोप व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत आम्हा भाडेकरूंपर्यंत आला. यंदाच्या जूनपासून घर सोडणाऱ्या प्रत्येकाच्या डिपॉझिटमधून एक महिन्याचं भाडं ‘रंग व साफसफाई’ म्हणून कापायचं, घर कसंही असो. त्यावर काही ‘डॅमेज’ निघालं तर ते वेगळं. सगळ्यांनी एकच नियम ठेवला की भाडेकरू घासाघीस करत बसणार नाही, असंही खाली लिहिलेलं होतं. त्यावर कुणाचं नाव नव्हतं. पण जूनमध्ये माझ्या ओळखीतल्या माणसांनी घरं सोडली तेव्हा हाच निरोप त्यांना मोबाइलवर दाखवून ‘आता असाच नियम आहे’ म्हणून पैसे कापले गेले.

तुम्ही मिळून ठरवलं आहे, तेव्हा उत्तरही सगळ्यांच्या देखत मागावं म्हणून हे पत्र.

मी बँकेत नोकरी करते. बदल्यांच्या निमित्ताने दापोली, मालवण आणि आता रत्नागिरी असा किनाऱ्याकिनाऱ्यानेच संसार हलला, आणि प्रत्येक ठिकाणी भाड्याचं घर. दुसऱ्या बाजूने, माझी आई सावंतवाडीला घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने देते. त्या भाड्यावर तिचं औषधपाणी आणि लाइटबिल निघतं. त्यामुळे भाडेकरू घराची काय वाट लावून जातात तेही मला ठाऊक आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये मी इथलंच एक घर सोडलं. डिपॉझिट ४०,००० रुपये होतं, हातात आले १७,५००. हिशेब कागदावर मिळाला नाही, फोनवर मिळाला. मी तो लिहून घेतला. बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला पुट्टी आणि रंग, ११,०००. खिडक्यांचे ग्रिल गंजले, ४,०००. न्हाणीघराचं दार फुगलं, बसत नाही, ३,५००. ओट्याखालच्या कपाटांना बुरशी, २,०००. आणि ‘डीप क्लीनिंग’, २,०००.

त्या भिंतीबद्दल जरा सविस्तर सांगते. मी मार्चमध्ये राहायला गेले तेव्हा ती पांढरीशुभ्र होती, रंगाचा वासही पुरता गेला नव्हता. जुलैच्या सुरुवातीला खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात ओल दिसली. आठवडाभरात रंग फुगला आणि पोपडे सुटायला लागले. एक पोपडा मी उचलून खिडकीपाशी नेऊन पाहिला. वर पांढरा थर, त्याखाली पुट्टी, पुट्टीखाली फिकट पिस्ता रंग, आणि त्याच्याखाली पुन्हा पुट्टी. पिस्ता रंगावर तपकिरी कडेचा ओलीचा जुना डाग होता. म्हणजे ही भिंत मी येण्याच्या बरीच आधीपासून पाणी पीत होती. ऑगस्टमध्ये चावी द्यायला गेले तेव्हा तो पोपडा मालककाकांना दाखवला. ते शांतपणे म्हणाले, “आधीचं आधीच्या भाडेकरूबरोबर मिटलं, तुमचं तुमच्याबरोबर.” एकाच ओलीचे पैसे आधी त्याने भरले होते, आता मी भरत होते.

आणि तुमच्यापैकी कुणी म्हणेल की बाई, फोटो काढून ठेवायचे होते. ठेवले होते! राहायला गेले त्याच दिवशी प्रत्येक खोलीचे काढले होते. त्यात ती भिंत लख्ख दिसते, आणि नेमके तेच फोटो काकांनी माझ्याविरुद्ध वापरले. “बघा, दिली तेव्हा कशी होती.” मार्चमधला कोरडा फोटो ऑगस्टमधल्या ओल्या भिंतीशेजारी ठेवला तर दोषी भाडेकरूच ठरणार, मग तो कितीही जपून राहिलेला असो.

माझं सगळं म्हणणं याच ठिकाणी येऊन थांबतं. घराच्या स्थितीची नोंद हवीच, पण ती कोकणातल्या घराची नोंद हवी. वर्षातले चार महिने इथलं घर पाण्यात उभं असतं. रत्नागिरीचा वर्षाचा सरासरी पाऊस ३,००० मिलिमीटरच्या वर आहे आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, तोही पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर आडवा. आपला जांभा सच्छिद्र दगड आहे, बाहेरचा गिलावा तडकला की तो पाणी आत घेतो. खाडीची वाळू नीट न धुता वापरली असेल तर तिच्यातलं मीठ गिलाव्यात राहतं आणि ओल खेचत राहतं. भिंतीला पांढरी खारट पूड येते ती त्याचीच. खाऱ्या वाऱ्यात लोखंडी ग्रिल दर दोन वर्षांनी घासून ऑइलपेंट लावला नाही तर गंजणारच. लाकडी दारं आषाढात फुगतात आणि मार्गशीर्षात पुन्हा बसतात. यातलं काहीही भाडेकरू करत नाही. घर बांधणाऱ्याने केलेलं असतं, नाहीतर आभाळाने.

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली तक्रार उन्हाळ्यातल्या रंगकामाची. पावसाळ्याआधी भाडेकरू शोधायचा असतो, म्हणून मार्च ते मे या काळात आतून एक हात मारून घर चकचकीत केलं जातं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, बाहेरच्या भिंतीच्या भेगा, छज्ज्यावरून गळणारं पाणी यांना कुणी हात लावत नाही, कारण ते महाग पडतं आणि घर बघायला येणाऱ्याला दिसतही नाही. आतल्या रंगाखाली झाकलेली ओल जुलैत वर येते तेव्हा घर आमच्या ताब्यात असतं. ज्यांना हे ठाऊक असतं त्यांनी ते आम्हाला आधी सांगायला हवं. घर पाहताना मी मुद्दाम विचारते, “पावसात कुठे गळतं का?” ‘हो’ असं उत्तर मला आजवर एकाही एजंटने दिलेलं नाही.

दुसरी तक्रार कराराच्या मजकुराची. आपल्या बहुतेक लीव्ह अँड लायसन्स (म्हणजे भाडेहक्क न देता फक्त राहायची परवानगी देणाऱ्या) करारांत एक ठरलेलं वाक्य असतं : लायसन्सीने, म्हणजे राहणाऱ्याने, जागा सध्याच्या स्थितीत ठेवावी, आणि नेहमीची झीज वगळून काही नुकसान झालं तर स्वखर्चाने दुरुस्त करून द्यावं. वाक्य रास्त आहे, मला त्यावर काही म्हणायचं नाही. पण ‘सध्याची स्थिती’ कोणती, ते करारात कुठेच नसतं. माझ्या कराराला एक यादी जोडलेली होती : पंखे ३, ट्यूबलाइट ४, गीझर १, पडद्याचे रॉड ३. गीझर चालू की बंद, किती जुना, पंख्याचा रेग्युलेटर फिरतो की नाही, काही नाही. भिंती, छत, फरशी, दारं-खिडक्या यांचा तर उल्लेखच नाही. डिपॉझिटच्या भांडणांत पंखा कधी हरवलेला नसतो, भांडण नेहमी भिंतीचं असतं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ मध्ये लायसन्सचा लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या वस्तुस्थितीचा निर्णायक पुरावा मानला आहे. कराराला कायद्याने एवढं वजन दिलं आहे, आणि आपण त्यात ट्यूबलाइटी मोजतो!

तिसरी, नोटरीची. ‘अकरा महिन्यांचंच आहे, नोटरी पुरे’ हे वाक्य प्रत्येक भाडेकरूने ऐकलेलं असतं. ते खरं नाही. त्याच कायद्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार असो की लीव्ह अँड लायसन्स, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांना सूट नाही. नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीकृत करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. म्हणजे नोटरीवर भागवून खरं तर तुम्हीच स्वतःला उघडं पाडता. आणि वाचतं किती? मुद्रांक शुल्क पाव टक्का. ९,००० भाडं, ४०,००० डिपॉझिट, अकरा महिने असा हिशेब केला (डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून) तर ते २६० रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी शुल्क शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५००. यात भाडेकरूने निम्मे भरायला माझी तरी हरकत नाही. घरबसल्या अंगठा आणि वेबकॅमवर फोटो देऊन नोंदणी होते. एजंट त्यावर जे काही लावतात तो त्यांचा प्रश्न.

चौथी, चावी देणारा एक आणि हिशेब करणारा दुसरा. तुमच्यापैकी बरेच जण मुंबईला असता. चावी शेजारच्या वहिनींकडे असते, घर एजंट दाखवतो, आणि मालक गणपतीला किंवा शिमग्याला येऊन घर ‘बघतो’. त्या वहिनींना साक्षीला उभं करून चालत नाही आणि एजंट कमिशन घेऊन मोकळा झालेला असतो. मग मालकाच्या आठवणीतलं घर आणि भाडेकरूला मिळालेलं घर यांची गाठच पडत नाही.

पाचवी, राहण्याच्या खुणांचे पैसे. घरात माणूस राहिला की कॅलेंडरचा खिळा येणार, देवघरामागे धुराचा पट्टा येणार, सोफ्यामागे भिंत जरा मळणार. हे नुकसान नाही, ही नेहमीची झीज. भिंतीला भगदाड पाडलं, बेसिन फोडलं, फरशीवर काही जड टाकून ती तडकवली, पोरांनी स्केचपेनने भिंती रंगवल्या, तर ते नुकसान. ते आम्ही भरू. यात अवघड काही नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यात ही विभागणीच करून दिली आहे. इमारतीची मूळ दुरुस्ती, भिंतींची सफेदी, दारं-खिडक्यांचा रंग, गरज पडेल तेव्हा पाइप बदलणं आणि वायरिंग हे मालकाकडे. नळाचे वॉशर, नाली साफ करणं, स्विच-सॉकेट, दारांच्या मुठी, खिडक्यांच्या काचा, गीझरची दुरुस्ती हे भाडेकरूकडे. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको, असंही त्यात आहे. तो आदर्श मसुदा आहे, राज्याने आपला कायदा केल्याशिवाय इथे लागू होत नाही, आणि आपल्याकडे १९९९ चाच कायदा चालतो. तरी विभागणी शहाणपणाची आहे आणि ती पाळायला कुणी मनाई केलेली नाही. तुमच्या निरोपातली पहिलीच कपात, रंगाची, या यादीत तुमच्या बाजूला येते.

सहावी एका ओळीची. कपात होते, पण बिल दाखवलं जात नाही, आणि रंग खरंच मारला का तेही कुणी पाहत नाही.

आता आईकडचं सांगते, म्हणजे मी एकाच बाजूने बोलते असं वाटणार नाही.

तिच्या खोल्यांत हायवेच्या कामावरचे काही लोक वर्षभर राहिले. भाडं वेळेवर दिलं. गेले आणि मग आईच्या लक्षात आलं की बेसिनला तळापासून तडा आहे, न्हाणीतल्या दोन्ही पितळी तोट्या जाऊन तिथे प्लास्टिकच्या आल्या आहेत आणि विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली आहे. तिने फोन केला तर उत्तर आलं, “मावशी, आम्ही आलो तेव्हापासून असंच होतं.” आईला त्या तोट्या कुठल्या दुकानातून आणल्या तेसुद्धा आठवत होतं. पण दाखवायला हातात काही नव्हतं. डिपॉझिट मात्र तिच्याकडे होतं, म्हणून तिने अंदाजाने काही रक्कम कापली. ते लोकही चिडले आणि आईचाही खर्च पुरता निघाला नाही.

पुढचं भाडेकरू कुटुंब आलं तेव्हा माझ्या भावाने एक वही घातली. खोलीखोलीतून फिरून तो बोलत गेला, येणारी बाई लिहीत गेली : ‘स्वयंपाकघर, पूर्वेची भिंत, खिडकीखाली हातभर ओल, दर पावसात येते. सिंकखालचा पाइप नवीन. कडाप्प्याचा डावा कोपरा तुटका.’ आईला आधी ते बरं वाटलं नव्हतं. आपणच आपल्या घराची व्यंगं परक्या माणसाला कशाला सांगायची, असं तिचं म्हणणं. पण ते कुटुंब सोडून गेलं तेव्हा वही उघडून दोघी फिरल्या. ओलीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही, आणि खिडकीची फुटलेली काच वहीत नव्हती म्हणून त्या बाईने स्वतःहून काचवाल्याला बोलावून बसवून दिली. हे सगळं अर्ध्या-पाऊण तासात झालं, त्यात चहा आलाच.

हे काही आमच्या घराण्यातलं खूळ नाही. फ्रान्समध्ये १९८९ च्या भाडेकायद्यापासून घराचा ताबा देताना आणि घेताना दोघांनी मिळून स्थितीचं पत्रक करणं हा कराराचाच भाग आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्यात मालक आधी पत्रक भरून देतो आणि भाडेकरू राहायला गेल्यावर सात दिवसांत त्यात आपल्या नोंदी घालून परत करतो. ही सात दिवसांची सोय मला फार आवडली, कारण सिंकखालचा गळका पाइप पहिल्या दिवशी कुणालाच दिसत नाही. आणि परदेश कशाला हवा? आपल्याला पंचनामा नवा आहे का? ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दिवेआगरपासून दापोली-मंडणगडपर्यंत घरं मोडली तेव्हा ‘तलाठी येऊन जाईपर्यंत काही हलवू नका, फोटो काढून ठेवा’ असं आपणच एकमेकांना सांगत होतो. पुढच्या वर्षी तौक्ते आलं तेव्हाही तेच, आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घराघरात शिरलं तेव्हाही. सरकारकडून भरपाई घ्यायची तर नोंद लागते, हे मालक मंडळींना पक्कं ठाऊक आहे. भाडेकरूकडून घ्यायची तेव्हाच ते आठवत नाही.

भाडेकरू ठेवला की त्याचा फोटो आणि आधार पोलीस ठाण्यात देता, तेही बरोबरच आहे. तेवढीच तत्परता भिंतीच्या फोटोबाबत दाखवा, एवढंच मागणं आहे.

काही मालक म्हणतील, दर दोन-तीन वर्षांनी रंग द्यायला आम्हाला खरंच खर्च येतो, तो कुठून काढायचा? भाड्यातून काढा. तुमच्या घराला तेवढा खर्च आहे तर भाडं चार-पाचशे वाढवून उघड सांगा. ज्याला परवडेल तो घेईल. डिपॉझिट ही आमची अनामत आहे, तुमच्या देखभालीचा फंड नाही. ‘घर कसंही असो’ कापायचंच असेल, तर घर जपून वापरणाऱ्याने ते का जपावं, याचाही विचार करा. त्या निरोपाने तुम्ही तुमच्याच घरांचं नुकसान करून घेताय.

आमच्या मागण्या अशा :

१. सरसकट एक महिन्याच्या कपातीचा निर्णय मागे घ्या, आणि तसा निरोप त्याच ग्रुपांवर टाका.

२. चावी देण्याच्या दिवशी, दिवसाउजेडी, घर रिकामं असताना, मालक किंवा त्याने लेखी नेमलेला माणूस आणि भाडेकरू यांनी मिळून स्थितीचं पत्रक करावं. त्यात नुसते नग नकोत. शेवटचा रंग कोणत्या वर्षी, आतला की बाहेरचा. गच्चीचं वॉटरप्रूफिंग कधी. मागच्या पावसात कुठे ओल आली, कुठे गळलं. सेप्टिक टाकी शेवटची कधी उपसली. पंप, गीझर किती जुने. महावितरणच्या मीटरचा नंबर आणि रीडिंग. चाव्या किती, हे सगळं यावं. कौलारू घर असेल तर फुटकी कौलं आणि वाळवी लागलेले वासेही. नळ सोडून, फ्लश ओढून, प्रत्येक बटण दाबून बघायचं. आधीचं कपाट भिंतीला लावलेलं असेल तर ते सरकवून मागची भिंत बघायची. बुरशी तिथेच असते.

फोटो प्रत्येक खोलीचा दारातून एक, मग भेगा-डागांचे जवळून, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून, म्हणजे भेग वाढली की कळते. हे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर साधे पाठवू नयेत, ते आकसतात आणि त्यातली तारीख-वेळेची मूळ माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ईमेल करा, आणि मूळ फोटो मोबाइलमध्ये राहू द्या. वाद कोर्टात गेला तर डिजिटल फोटोंसोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या ६५ब खाली होतं. म्हणून सगळ्यात सोपं म्हणजे मोजक्या फोटोंची प्रिंट काढून तिच्यावर दोघांच्या सह्या आणि तारीख.

३. पहिल्या पावसाळ्यात, जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यापर्यंत, याच पत्रकावर पावसातली पाहणी नोंदवा. मालक मुंबईला असेल तर व्हिडिओ कॉलवर चालेल. रेंज आली तर! त्या पाहणीत दिसलेली ओल, गळती, फुगलेली दारं घराची मानायची, भाडेकरूची नाही. आमच्यासाठी ही मागणी सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि यावर तडजोड होणार नाही.

४. घर सोडताना तेच पत्रक हातात घेऊन दोघांनी फिरावं. वाद नसलेली रक्कम चावी घेतानाच परत करावी. उरलेल्या रकमेचा हिशेब बिलासह पंधरा दिवसांत लेखी द्यावा, आणि त्यात वस्तूचं वय धरावं. रंग चार वर्षं टिकतो असं तुम्हीच म्हणता, मग तीन वर्षं जुना रंग आम्ही खराब केला तरी आमच्याकडून एका वर्षाचेच पैसे यायला हवेत, नव्या रंगाचे पूर्ण नाहीत.

५. वादळ, पूर, वीज यांनी झालेलं नुकसान भाडेकरूच्या माथी मारू नये. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यावर घेतलेली जागा परत करताना नेहमीची झीज आणि अनिवार्य आपत्ती या दोन्ही गोष्टी वगळलेल्या आहेत. आपले करार लायसन्सचे, त्यामुळे ते कलम जसंच्या तसं लागू होत नाही. म्हणूनच तेवढं एक वाक्य करारात घाला.

६. करार नोंदणीकृतच करा आणि हे पत्रक त्याला परिशिष्ट म्हणून जोडा. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागालाही याच पत्रातून विनंती आहे की लीव्ह अँड लायसन्सच्या ऑनलाइन नमुन्यात स्थितीचं आणि फोटोंचं परिशिष्ट सक्तीचं करावं. ते होईल तेव्हा होईल, तोवर आपण थांबायचं कारण नाही.

आमच्या बाजूने आम्हीही एक लिहून देतो. पत्रक झालं असेल आणि त्यात नसलेलं नुकसान आमच्याकडून निघालं, तर आम्ही त्याचे पैसे वाद न घालता देऊ. ओल दिसली की आठ दिवसांत फोटोसह कळवू, ती लपवून कपाट पुढे सरकवणार नाही. नवा खिळा ठोकण्याआधी विचारू. आणि गॅलरीत बांगडे सुकवण्याबद्दल जी तक्रार तुमच्याकडून वारंवार येते, ती रास्त आहे, हेही मान्य.

दोन पानांचा नमुना मी तयार केला आहे. पहिलं पान खोल्यांचं, दुसरं पावसातल्या पाहणीचं. गणपतीला तुमच्यातले बरेच जण गावी येता. विसर्जनाच्या आधी एखाद्या संध्याकाळी मालक, एजंट आणि भाडेकरू असे मिळून तासभर बसू आणि त्या नमुन्यावर बोलू. त्यातली कुठली ओळ तुम्हाला खटकते ते तिथे सांगा, बदलता येईल. तोवर ज्यांची घरं जुलै-ऑगस्टमध्ये रिकामी होत आहेत त्यांनी तरी निरोपातली कपात थांबवावी, आणि जूनमध्ये ज्यांचे पैसे कापले त्यांना बिलं दाखवावीत किंवा पैसे परत करावेत.

कळावे,

आपली,
रत्नागिरीतली एक भाडेकरू (आणि सावंतवाडीच्या एका घरमालकिणीची मुलगी)